ऋण (ख्रिस्ती प्रार्थनेतील) : विदर्भाच्या संदर्भात

ऋण हा प्रभूच्या प्रार्थनेतला, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतला, शब्द मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रोज येतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली ओळ अशी : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देणी, कर्जे. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप दोन्ही एकाच शब्दात मावत. लूकने आपल्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना देताना ‘पापे’ म्हटले; मत्तयाच्या मराठी भाषांतराने कर्ज कर्जच ठेवले. ‘सोडणे’ हे क्रियापदही ग्रीकशी नेमके जुळते.

वऱ्हाडातल्या कोरडवाहू गावात ही ओळ निव्वळ रूपक उरत नाही. कापूस-सोयाबीनच्या शेतीत बियाणे, खत, फवारणीचे औषध बरेचसे उधारीवर येते. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा. रविवारी उपासनेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशात कृषी केंद्राची चिठ्ठी चार घड्या घालून ठेवलेली असते. ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस बहुधा मार्चला स्पर्श करतात आणि पीककर्ज भरण्याची मुदतही मार्चअखेरची. पाळक पश्चात्तापावर बोलत असतात, तेव्हाच घरी सोसायटीची नोटीस येऊन पडलेली असते.

‘अपराधभाव’ हा शब्द पुस्तकातला. गावात दोन वेगळी वाक्ये ऐकू येतात : ‘मनाले खाते’ आणि ‘तोंड दाखवाले जागा नाई राह्यली’. पहिल्यात केल्या चुकीची टोचणी आहे, दुसऱ्यात लाज. कर्जबाजारी माणसाला बहुतेक दुसरीच छळते, आणि प्रवचनात मात्र तिला पहिलीचे नाव मिळते. हा घोळ साधा नाही. न पिकलेल्या शेतासाठी माणूस देवापुढे गुन्हेगार म्हणून उभा राहू लागतो.

‘पाप’ या शब्दाला इथे आणखी एक ओझे आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्या आणि पुढच्या मिशनांच्या काळात जे ख्रिस्ती झाले, त्यांत अस्पृश्य ठरवलेल्या जातींतलेही होते. तुमचा जन्मच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले होते. त्यांच्या नातवंडांसमोर मूळ पापाची, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असल्याची, शिकवण मांडताना हा इतिहास विसरणे निष्ठुरपणाचे आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, ज्यांच्या आयुष्याची काही वर्षे नागपुरात गेली, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. त्या तुकारामांनी आपल्या वाट्याची, लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रातही (२:१४) हाताने लिहिलेला कर्जरोखा खोडून वधस्तंभाला ठोकल्याचे चित्र आहे. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा ऐकत वाढलेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

सरकारी भाषेत हेच ‘कर्जमाफी’. २००८ आणि २०१७ च्या योजना त्याच नावाने ओळखल्या जातात. शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा आग्रह धरला, कारण माफी गुन्हेगाराला असते. श्रद्धेच्या भाषेतही हा फरक पाळायला हवा. प्रार्थनेतला ‘सोड’ मुक्तीच्या बाजूचा आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी देणे सोडण्याची आज्ञा आहे, आणि तिथे ऋणकोला पश्चात्तापाची अट नाही.

ओळीचा पहिला अर्धा मात्र सहसा घाईने म्हटला जातो. मंडळीत देणेकरी असतात तसे घेणेकरीही. थोडी जास्त शेती असणाऱ्याने सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते. तिचा हिशेब गुढीपाडव्याला, साल संपताना, होतो. ईस्टर त्याच सुमारास येतो. त्या रविवारी दोघेही एकाच सतरंजीवर बसून ‘आपल्या ऋण्यांस’ म्हणतात, आणि उचलीची वही एकाच्या घरी फडताळात असते.