गाँगूझलर

गाँगूझलर : इंग्लंडमधील कालव्यांवरील नावाड्यांच्या बोलीतला शब्द. काठावर किंवा पुलावर उभा राहून होड्यांची ये-जा टक लावून पाहणारा बघ्या, हा त्याचा प्रचलित अर्थ. ‘गाँगूझल’ हे क्रियापदही वापरात आहे.

सर्वांत जुना म्हणून सामान्यतः जो उल्लेख दिला जातो, तो १९०४ सालचा आहे. हेन्‍री रोडॉल्फ द सालिस यांनी इंग्लंड व वेल्समधील कालवे आणि नौकानयनयोग्य नद्यांची जी मार्गदर्शिका ब्रॅडशॉ मालिकेत प्रसिद्ध केली, तिच्या शब्दसूचीत हा शब्द येतो. द सालिस हे फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या कालवा-वाहतूक कंपनीचे संचालक होते आणि ते जलमार्ग त्यांनी स्वतः होडीतून फिरून पाहिले होते. त्यामुळे नावाड्यांच्या बोलीविषयीची त्यांची साक्ष वजनदार ठरते. शब्द त्याआधी तोंडी वापरात असणार, हे सूचीतील नोंदीवरूनच दिसते. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावा. कालव्यांची मोठी बांधणी मात्र त्याच्या बरीच आधीची. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला, तर डेव्हायझेस येथील केन हिलची जलपाशांची (होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कोठड्यांची) रांग १८१० मध्ये पुरी झाली.

द सालिस यांच्या व्याख्येत कालव्याचा निर्देश नाही, हे पुष्कळदा नजरेआड होते. कोणत्याही नवलाच्या गोष्टीकडे बराच वेळ पाहत उभा राहणारा रिकामटेकडा, चौकस माणूस, एवढाच त्यांनी दिलेला आशय आहे. यावरून मूळ अर्थ व्यापक होता आणि कालव्याशी त्याची सांगड नंतर पक्की झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्युत्पत्तीबाबत दोन मते आहेत. शब्दाचे मूळ वायव्य इंग्लंडमधील सरोवर प्रदेशात (लेक डिस्ट्रिक्ट) असल्याचा समज द सालिस यांनी नोंदवला आहे. पण त्याच्या पुष्ट्यर्थ बोलीतील एकही रूप दिलेले नाही. शिवाय अरुंद होड्यांच्या वाहतुकीचे केंद्र बर्मिंगहॅमभोवतीच्या मध्य प्रांतात (मिडलँड्स) होते आणि केंडलला १८१९ मध्ये पोहोचलेला लँकेस्टर कालवा सरोवर प्रदेशाच्या केवळ कडेला लागतो. दुसऱ्या मतानुसार पूर्वेकडील लिंकनशरच्या बोलीतील ‘गॉन’ आणि ‘गूझ’ हे दोन शब्द जोडून हा शब्द बनला. दोहोंचाही अर्थ टक लावून किंवा तोंड वासून पाहणे असाच आहे. मराठीत ‘बाजारहाट’ होतो, तशी समानार्थी शब्दांची ही जोडी दिसते. पुढील ‘ल’कार इंग्रजीतील पुनरावृत्तिदर्शक प्रत्ययाचा असावा, ‘स्पार्कल’सारख्या क्रियापदांत तो आढळतो. अखेरचा ‘अर’ हा कर्तृवाचक प्रत्यय. मध्य प्रांतातल्या नावाड्यांपर्यंत लिंकनशरचा शब्द कोणत्या वाटेने गेला, हा दुवा मात्र या मतात मोकळाच राहतो. तरीही ध्वनी आणि अर्थ या दोन्ही कसोट्यांवर हेच मत सरस ठरते.

शब्दाला व्यापक वाचकवर्ग मिळाला तो लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्यामुळे. ‘क्रेसी’ या होडीतील प्रवासावर आधारलेल्या ‘नॅरो बोट’ (१९४४) या पुस्तकात त्यांनी तो वापरला. या पुस्तकाच्या प्रभावातूनच १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही जलमार्गांच्या जतनासाठीची संस्था स्थापन झाली. पुढे मालवाहतूक ओसरून कालव्यांवर सहलीच्या होड्या वाढल्या, तसा मूळचा हेटाळणीचा सूर पुष्कळच निवळला.

बघ्यांची गर्दी प्रामुख्याने जलपाशांपाशी होते. दोन पातळ्यांमधल्या बंद कोठडीत पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली नेण्यास वेळ लागतो, आणि दारे उघडण्याचे काम होडीतल्या मंडळींनाच करावे लागते. बिंग्ले येथील पाच जलपाशांची पायरी (१७७४), फॉक्स्टन येथील दहा आणि केन हिल येथील एकोणतीस जलपाश ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे होत.