हिरडीतून रक्त येतंय? तिथेच ब्रश फिरवा

सकाळी चूळ टाकताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं की बहुतेक जण त्या बाजूला ब्रश न्यायचं सोडतात. काही जण ब्रशच बाजूला ठेवून बोटाने मंजन लावू लागतात. सातारा-सांगलीकडच्या गावांत ‘ब्रशने हिरडी सोलवटली’ किंवा ‘उष्णता झाली’ म्हणून आठवडाच्या आठवडा असाच काढला जातो. पण रक्त येणारी जागा बहुतेक वेळा नीट न घासलेली जागा असते. तिथला ब्रश थांबला की सूज आणखी वाढते.

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जिवाणूंचा चिकट, पांढुरका थर सतत बसत असतो. त्याला प्लाक म्हणतात. नख फिरवलं तर पिठासारखा हाती लागतो. तो तसाच राहिला की शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं, हिरडीची कड फुगते आणि नुसत्या स्पर्शानेही रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या पहिल्या टप्प्यात हाडाला धक्का लागलेला नसतो, म्हणूनच घरच्या घरी तो परतवता येतो. दुर्लक्ष झालं तर काही जणांत सूज खाली हाडापर्यंत जाते. त्यालाच लोक पायरिया म्हणतात. तिथे गेलेलं हाड घासून परत येत नाही.

प्लाक नेमका कुठे राहतो ते बघायची सोपी युक्ती आहे. मिठाईत घालतात तो खाण्याचा लाल रंग चिमूटभर घेऊन अर्धा कप पाण्यात विरघळवा, नेहमीसारखे दात घासून झाल्यावर त्याने अर्धा मिनिट खुळखुळून थुंका आणि साध्या पाण्याची एक चूळ भरा. आता आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून ओठ वर करा. दाताचा मधला भाग स्वच्छ आणि हिरडीलगत लाल रेघ, असंच चित्र बहुतेकांना दिसतं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेचा मागचा भाग हमखास रंगलेला असतो. जीभ आणि ओठ थोडा वेळ लाल राहतात, तेव्हा हे रात्री करावं.

ती रेघ काढायची म्हणजे ब्रश दातावर नाही, हिरडीच्या कडेवर धरायचा. मऊ, म्हणजे ‘सॉफ्ट’ लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश घ्या. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. फ्लोराइडची हवी. आपल्याकडच्या पेस्टमध्ये त्याची मर्यादा १००० पीपीएम आहे, पाकिटावर आकडा लिहिलेला असतो. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. ब्रशचे केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवा: निम्मे दातावर, निम्मे कडेवर. मग जागा न सोडता अगदी थोडं मागे-पुढे, थरथरल्यासारखं, दहाएक वेळा हलवा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर सरका. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरावा लागतो. शेवटच्या वरच्या दाढेला बाहेरून पोचायचं तर तोंड अर्धवट मिटा. मोठा आ केला की गाल ताणला जातो आणि ब्रश मागे जातच नाही. सगळं मिळून किमान दोन मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा, आणि एकच वेळ नेटाने जमणार असेल तर ती रात्रीची असावी, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं.

इथे चुकतं ते जोरामुळे. ब्रशचे केस महिन्याभरातच बाहेर वाकले तर तुम्ही घासत नाही, रगडता आहात. अशाने प्लाक जास्त निघत नाही, उलट हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी हेच अधिक लवकर होतं. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा, केस फाकले तर आधीच.

दोन दातांमधल्या फटीत मात्र कोणताच ब्रश पोचत नाही, आणि सूज बहुधा तिथूनच सुरू होते. फट असेल तिथे मेडिकलमध्ये मिळणारा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. तो थोडा घट्ट पण जोर न लावता आत गेला पाहिजे. दात अगदी चिकटलेले असतील तर ४५ सेंटिमीटर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा, घेऊन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, हलके करवतत खाली न्या आणि आधी एका, मग दुसऱ्या दाताला कवटाळून वर-खाली करा. फटकन हिरडीवर आपटला तर जखम होते. काडेपेटीची काडी, सुई, सेफ्टी पिन यांनी फटीतली हिरडी कायमची खाली बसते. उसाच्या हंगामात एकाच जागी अचानक ठणका आणि सूज आली तर उसाची शीर किंवा शाळूच्या दाण्याचं टरफल अडकलेलं असू शकतं. फ्लॉसने निघालं तर ठीक, पण सूज दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर दाखवून घ्या.

आता मिश्री. भाजून काळी केलेली तंबाखू चुरडून हिरडीला लावायची सवय सातारा-सांगलीत बायकांमध्ये खोलवर आहे, आणि ‘मिश्रीने दात घट्ट राहतात’ हा समजही. दात घासण्याच्या वस्तूंत तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती कशी अडवणार? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आजार असूनही रक्त कमी येतं आणि निदानाला उशीर होतो. मिश्रीतही निकोटिन आहे. तेव्हा मिश्री लावणाऱ्या बाईने ‘माझ्या तर रक्त येत नाही’ हा पुरावा धरू नये. शिवाय जिथे ती रोज दाबली जाते तिथली हिरडी सरकते, आणि धूररहित तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो याबद्दल शंका उरलेली नाही. आई-आजीला टोचून बोलल्याने ही सवय सुटत नाही. ती व्यसनाधीनता आहे, आणि मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

घरगुती उपायांचं काम मर्यादित आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या तर आराम पडतो. हळदीतल्या कुरकुमिनला दाह कमी करण्याचा गुण आहे. पण चिकटलेला थर मीठ-हळद उचलून काढत नाही. तो खरवडूनच निघतो. कोरडं मीठ हिरडीवर चोळू नये. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं ०.२ टक्के माउथवॉश १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा घेता येतं, पण ते पेस्टनंतर लगेच नको, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचं बळ जातं. अर्धा तास थांबा. दोन आठवड्यांपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. दात तपकिरी डागाळतात आणि तोंडाची चव जाते.

पहिले तीन-चार दिवस रक्त तितकंच, कधी थोडं जास्तही येईल. तेव्हा थांबू नका. आठवड्याच्या शेवटी फरक जाणवतो, दोन आठवड्यांत बहुतेक थांबतं. रंगावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात आणि त्या निरोगीच असतात. कड बघा: फुगीर, गुळगुळीत, चकाकती असेल तर सूज आहे. दाताला घट्ट चिकटलेली, पातळ कड चांगली.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त येतच असेल तर बहुधा कीटण झालेलं असतं. प्लाकमध्ये लाळेतले क्षार बसून तो दगडासारखा कडक होतो, आणि कीटण ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आत ते जास्त दिसतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. पू, हलणारा दात, नव्याने पडलेली फट, ताप असेल तर दोन आठवडेही थांबू नये. हात न लावता रक्त येतंय, अंगावर निळे डाग आहेत किंवा तापात हिरड्यांतून रक्त येतंय, तर दंतवैद्यांआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पेशी तपासा.

मधुमेह असेल तर हिरडीची सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर सूज वाढवते. हिरड्यांच्या उपचाराने तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा थोडा खाली येतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने काहींची हिरडी जाड होऊन दातांवर चढते. डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सूज लवकर येते. तेव्हाही दात साफ करून घेता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे.

दात साफ केल्याने ते सैल होतात, ही भीती निराधार आहे. कीटण निघाल्यावर त्याने बुजलेली फट उघडी दिसते आणि काही दिवस थंड पाणी झोंबतं, एवढंच. सांगलीत आणि कराडला दंत महाविद्यालयं आहेत. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम होतं. जाल तेव्हा खुणांच्या बारीक सळईने दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजून आकडे सांगायला सांगा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आणि तिथून रक्त, तर नुसत्या वरच्या सफाईवर भागणार नाही. मुळापर्यंत साफ करावं लागतं, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच जागा पुन्हा मोजून घ्यावी लागते.