डेव्हिड लुडविग ब्लोख: शांघायचे रस्ते कोरणारा कर्णबधिर चित्रकार

जर्मनीत कर्णबधिर मुलांची पहिली सार्वजनिक शाळा लाइपझिगला १७७८ साली निघाली. ती काढणाऱ्या साम्युएल हाइनिके यांचा सगळा भर मुलांना तोंडाने बोलायला शिकवण्यावर होता. १८८० साली मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेनंतर तर युरोपातल्या बहुतेक शाळांनी हातवाऱ्यांची भाषा वर्गाबाहेरच काढली. या मुलांपुढे पोटापाण्यासाठी हस्तकौशल्याचेच मोजके धंदे उरत. १९१० साली बव्हेरियातल्या फ्लॉस गावी ज्यू घरात जन्मलेला ब्लोखही त्याच वाटेने गेला. आईवडील लहानपणीच गेलेले, ऐकू येत नाही. म्युनिक आणि येना इथल्या शाळांनंतर तो चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवायला शिकला.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा ब्लोखवर दुहेरी संकट होतं. १४ जुलै १९३३च्या कायद्याने आनुवंशिक बहिरेपण असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याची मुभा दिली, आणि ज्यूंविरुद्धचे कायदे तर होतेच. नोव्हेंबर १९३८मध्ये देशभर ज्यूंवर हल्ले झाले. त्या धरपकडीत त्याला दाखाउच्या छळछावणीत डांबलं. काही आठवड्यांनी तो सुटला आणि १९४० साली शांघायला पोहोचला. बहुतेक देशांनी दारं लावून घेतली असताना या बंदरात व्हिसाशिवाय उतरता येत होतं.

इथे त्याने जे केलं ते मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम वाटतं. लाकडी ठसे कोरून त्याने शांघायच्या रस्त्यावरचं जगणं शेकडो छापचित्रांत उतरवलं: भिकारी, फेरीवाले, हमाल, मुलं. माणसांनी ओढायच्या रिक्षांवर तर त्याची अख्खी चित्रमालिका आहे. ती १९४२ साली पुस्तकरूपाने निघाली. स्वतः निर्वासित असूनही त्याची नजर आपल्या हालांवर नव्हे, तर रिक्षा ओढणाऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर खिळली. १९४३मध्ये शहर ताब्यात असलेल्या जपान्यांनी निर्वासितांना शांघायच्या होंगक्यू वस्तीतल्या ठरावीक भागात कोंडलं, तरी त्याचं कोरणं चालू राहिलं. याच शहरात त्याने एका कर्णबधिर चिनी तरुणीशी लग्न केलं.

१९४९ साली दोघं अमेरिकेला गेली. तिथे न्यूयॉर्क राज्यात तो कितीतरी वर्षं भांड्यांवर उमटवायच्या नक्षीच्या छपाईचं काम करत होता. दाखाउबद्दलची चित्रं मात्र त्याने १९७०च्या दशकात, नोकरी संपल्यावर काढायला घेतली: काटेरी तारा, आगगाड्या, मदतीसाठी वर आलेले हात. २००२ साली तो वारला.