मूत्राशयाचा कर्करोग आणि मायक्रोआरएनए : पार्श्वभूमी

लघवी लाल झाली, पण दुखत नाही, तर कोल्हापूरकडे पहिला अंदाज उष्णतेचा किंवा मुतखड्याचा. धने-जिऱ्याच्या पाण्यावर आठवडे निघतात. तंबाखूची जुनी पेठ निपाणी इथून तासाभराच्या वाटेवर. विडी ओढणाऱ्याने तरी असा अंदाज बांधत बसू नये. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं. निदान आजही मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीनेच पक्कं होतं. त्याऐवजी लघवीच्या नमुन्यावर भागेल का, या शोधात मायक्रोआरएनए, म्हणजे पेशीतले जनुकांवर लगाम ठेवणारे छोटे आरएनए रेणू, आले.

१९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीत पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, उलगडला. हे रेणू जेमतेम २२ अक्षरांचे. त्यांची दुसरी ते आठवी अक्षरं संदेशवाहक आरएनएशी, म्हणजे प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या रेणूशी, जुळली की त्या कृतीतून बनणाऱ्या प्रथिनाचं उत्पादन घटतं. २००२ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात मिर-१५ आणि मिर-१६ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए) गळालेले सापडले आणि कर्करोगवाल्यांचे कान टवकारले. नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.

मूत्राशयाचं चित्र २००९ च्या आसपास स्पष्ट होऊ लागलं. सौम्य गाठींत मिर-९९ए आणि मिर-१०० घटतात, त्यामुळे एफजीएफआर-३ या वाढीच्या ग्राहकावरचा लगाम सुटतो. मिर-२०० कुटुंब घटलं की ई-कॅडहेरिन दाबणारं झेब-१ हे प्रथिन वाढतं, पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि गाठ खोल शिरते. सर्वांत गाजला तो मिर-१४५. गाठीत तो कमी, आणि प्रयोगशाळेतल्या कर्करोगाच्या पेशींत बाहेरून घातला की त्या मरतात.

इथेच मेख आहे. मिर-१४३ आणि मिर-१४५ ही जोडगोळी मुख्यतः गुळगुळीत स्नायूंत आणि संयोजी ऊतींत बनते, अस्तराच्या पेशींत नाही. २०१४ पासून हे ठळकपणे मांडलं गेलं. 'निरोगी' म्हणून घेतलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आला आणि गाठीच्या तुकड्यात नुसत्या अस्तराच्या पेशी, तर मिर-१४५ 'घटलेला' दिसणारच. म्हणून लेझरने फक्त अस्तर कापून तुलना करावी. बाहेरून घालताना नैसर्गिकपेक्षा कितीतरी पट मात्रा जाते, तेव्हा पेशी मेल्या याचंही फार कौतुक नको.

लघवीतही तोच घोळ. रक्त उतरलेल्या नमुन्यात लाल पेशींतले मिर-४५१ आणि मिर-१६ येतात. बाकीच्यांशी तुलना करायला मिर-१६ लाच मोजमापाचा आधार धरला, तर सगळं गणित चुकतं. नमुना लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कराव्यात, मगच वरचा द्रव उणे ८० अंशांवर ठेवावा. न फिरवता गोठवला, तर वितळताना पेशी फुटतात आणि त्यांचा आरएनए द्रवात मिसळतो.

उपचारात मिर-३४ए या कर्करोग रोखणाऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल शिरेतून देणारी मानवी चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकार-प्रतिक्रियांमुळे थांबली. मूत्राशयात औषध नळीने थेट सोडता येतं, क्षयाची लस असलेली बीसीजी या कर्करोगावर १९७६ पासून तशीच देतात. पण उघडा आरएनए लघवीतल्या विकरांपुढे टिकत नाही, आणि अस्तरावरचा श्लेष्मल थर त्याला आत शिरू देत नाही. त्यामुळे सध्याची धडपड आहे ती वेष्टनाची: औषध आत धरून ठेवण्याच्या तास-दोन तासांत पेशीपर्यंत पोचेल असं.