मुळं नवी, वय जुनं

दुकानातून आणलेला गांजाचा क्लोन तळहातावर मावतो. ओल्या स्पंजासारख्या ठोकळ्यात खोचलेली बोटभर काडी, तिला तीन-चार पानं, पानांची टोकं कात्रीने आडवी कापलेली आणि ठोकळ्याच्या बुडातून डोकावणारे एक-दोन पांढरे धागे. धागे म्हणजे मुळं. बघणाऱ्याला वाटतं, परवाच रुजलेलं रोप असावं. प्रत्यक्षात ती एका थोराड झाडाची फांदी आहे. तिला नुकतीच मुळं फुटली आहेत, एवढंच. वाळवंटात असा क्लोन वाढवायला घेतला की जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका गैरसमजातून बिघडतं.

'क्लोन' म्हटलं की डॉली मेंढी आठवते, पण शब्द जन्माने बागेतला आहे. हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तो रूढ केला, ग्रीक भाषेतल्या 'डहाळी' या अर्थाच्या शब्दावरून. आपण गुलाबाची किंवा जास्वंदाची फांदी तिरकी छाटून मातीत खोचतो, ते छाट कलम म्हणजे क्लोनच. गांजाच्या बाबतीत त्याला महत्त्व येतं ते या झाडात नर आणि मादी वेगळे असतात म्हणून. नशा देणारी राळ भरते ती मादीच्या फुलांत, आणि परागकण न पोचलेल्या फुलांत अधिक. साधं बी पेरलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि उरलेल्या माद्याही सख्ख्या बहिणींसारख्या, म्हणजे एकसारख्या मुळीच नाहीत. मादीची फांदी मात्र मादीच राहते आणि गुणही आईचेच घेते.

जगात बहुतेक ठिकाणी हे झाड घरी लावणं गुन्हा आहे, भारतातही. वाळवंट आणि परवानगी दोन्ही एकत्र सापडतात ती अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात. ॲरिझोनात नोव्हेंबर २०२० मध्ये 'प्रस्ताव २०७' मतदानाने मंजूर झाला. त्यानुसार २१ वर्षांवरच्या माणसाला घरी ६ झाडं लावता येतात. घरात असे दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर १२. झाडं कुलूपबंद जागेत हवीत आणि रस्त्यावरून दिसता कामा नयेत. शेजारच्या नेवाडात आणखी एक मेख आहे: परवानाधारक दुकान २५ मैलांच्या आत असेल तर घरी लागवड करता येत नाही. या दुकानांना तिकडे 'डिस्पेन्सरी' म्हणतात. मराठी कानाला डिस्पेन्सरी म्हणजे खोकल्याचं औषध देणारा दवाखाना, तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा जरा दचकतोच.

आता त्या काडीकडे वळू. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली सरकत राहतं. फांदी कापली की खालचा रस्ता बंद. ऑक्सिन कापाशी साचतं, आणि खोडातल्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडून मुळं घडवायला लागतात. मुळं फुटण्याची जी पावडर मिळते, तीत याच ऑक्सिनचा एक टिकाऊ भाऊबंद असतो. भिंगातून पाहिलं तर आधी खोडावर घामोळ्यासारखे पांढरट फुगवटे दिसतात. मग आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांतून धागा बाहेर पडतो. तोवर या फांदीची अवस्था विचित्र असते. पानांतून पाणी उडतंय आणि खालून घेणारं कोणी नाही. कापाच्या तोंडातून चढेल तेवढंच. म्हणून पानं अर्धी कापतात, आणि म्हणूनच ट्रेवर प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण ठेवतात. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले की सगळं ठीक चाललंय असं समजायचं.

वाळवंट म्हटलं की आपण तापमानाची भीती घालतो. माझ्या मते क्लोनला पहिला धोका हवेच्या तहानेचा असतो, उन्हाचा नंतर. या तहानेला मोजमाप आहे. हवेत किती बाष्प मावू शकतं आणि प्रत्यक्षात किती आहे, या दोहोंतल्या फरकाला बाष्पदाबाची तूट म्हणतात. झाकणाखाली २५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ही तूट साधारण ०.५ किलोपास्कल (दाबाचं एकक) भरते. बाहेर ४० अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ६.६. म्हणजे जवळपास १४ पट. नुसत्या आर्द्रतेच्या टक्केवारीवरून हा फरक कळत नाही, कारण ४० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त बाष्प पोटात घेऊ शकते. दुकानातून निघालेला क्लोन पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या सीटवर ठेवून तुम्ही दहा मिनिटं किराणा आणायला गेलात, तर परत येईपर्यंत पानं ओल्या रुमालासारखी लोंबलेली असतात. तेव्हा मुळाशी पाणी घालून फार उपयोग होत नाही. ओढणारं तोंड केवढं आणि पुरवणारी मुळं किती, हा हिशेबच बसत नाही.

निवडुंगाने हा प्रश्न रात्रपाळी करून सोडवला आहे. तो पर्णरंध्रं, म्हणजे हवेची देवाणघेवाण करणारी बारीक छिद्रं, रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड साठवतो आणि दिवसा दार लावून घेतो. गांजाचं झाड दिवसपाळीचं. अन्न करायचं तर भर उन्हात रंध्रं उघडी हवीत, आणि उघडी ठेवली तर पाणी जातं. मोठं, रुजलेलं झाड हा व्यवहार सांभाळतं. दमट झाकणाखाली वाढलेल्या पानांवर मात्र मेणाचा थर पातळ असतो आणि रंध्रं वेळेवर मिटण्याची सवयही नसते. त्यात प्रकाशाचा धक्का वेगळाच. ट्यूबखाली वाढलेल्या क्लोनला बाहेरच्या दुपारी दहापट किंवा त्याहून जास्त प्रकाश झेलावा लागतो, आणि पानं पांढरी पडून भाजतात. म्हणून झाकण आधी थोडं किलकिलं करायचं, मग काढायचं, मग सकाळचं कोवळं ऊन, मग जाळीखालची सावली असा आठ-पंधरा दिवसांचा सराव लागतो. यात मेणाचा थर खरोखर जाड होतो. जुन्या पानांपेक्षा सरावात फुटलेली नवी पानं जास्त कामाची, तेव्हा जुनी दोन-चार गळाली तर धीर सोडू नये.

इथवरचं सगळं काळजीने जमतं. खरी गंमत पुढे आहे, आणि ती भूगोलाची आहे.

विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा ३० अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती तापते, कोरडी होते, आणि त्यामुळे जगातली मोठी वाळवंटं याच पट्ट्यात पसरली आहेत. याच अक्षांशामुळे तिथला उन्हाळ्यातला दिवस फार लांबत नाही. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १४ तास २० मिनिटांचा. आता गांजाचं झाड फुलं कधी धरायची हे रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. ज्यूल्यां तुर्न्वा या फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास हॉप (बिअरला कडवटपणा देणारी वेल) आणि भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच, झाडांवर हे दाखवलं होतं. दिवस साधारण १३-१४ तासांखाली आला की फुलोरा सुरू होतो, नेमका आकडा जातीगणिक वेगळा.

दुकानातला क्लोन बहुधा १८ तासांच्या दिव्याखाली वाढलेला असतो. मार्चमध्ये हवा छान आहे म्हणून तो अंगणात नेला, तर त्याच्या दृष्टीने दिवस एकदम १२ तासांवर आला, म्हणजे हंगाम संपत आला. बियापासून उगवलेलं रोप अशा वेळी थोडं थांबतं, कारण वयात आल्याशिवाय ते फुलत नाही. क्लोन कशाला थांबेल? तो आईच्याच वयाचा आहे. वीतभर काडीलाच फुलं येतात. पुढे मे-जूनमध्ये दिवस लांबले की झाड गोंधळून पुन्हा पालवायला लागतं, आणि पाच-सात बोटांच्या पानांऐवजी एकाच पात्याची विचित्र पानं काढतं. या माघारीत एक-दीड महिना सहज जातो.

मग मे अखेरीस लावावं? दिवसाचे तास जुळतात, पण तोवर पारा चाळिशीला टेकलेला असतो. जुलै २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या पुढे गेलं होतं आणि उंच सग्वारो निवडुंगसुद्धा कोसळत होते, कारण रात्रीही गारवा मिळेना. म्हणजे इथे घड्याळ म्हणतं थांबा आणि थर्मामीटर म्हणतो आताच. यातून सुटायला लोक एक साधा उपाय करतात. क्लोन मार्चमध्येच बाहेर काढतात, पण सूर्यास्तानंतर काही तास एक मिणमिणता दिवा लावून ठेवतात. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य एवढ्याशा लालसर उजेडालाही दिवस समजतं. वाढ होण्याइतका तो उजेड नसतो, फसवणुकीपुरता पुरतो.

मुळांचं दुखणं निराळं. बियाच्या रोपाला सरळ खोल जाणारं सोटमूळ असतं, क्लोनला ते कधीच येत नाही. त्याची मुळं खोडाच्या बुडातून आडवी पसरतात, म्हणजे मातीच्या सर्वांत तापणाऱ्या थरात. काळ्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी ५० अंशांवर जाऊ शकते, आणि त्या बाजूची मुळं शब्दशः शिजतात. कायद्यापायी झाड भिंतीआड ठेवलेलं असतं. ती सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उष्णता परत देत बसते. फिकट रंगाची किंवा कापडी पिशवीची कुंडी आणि मातीवर पेंढ्याचं आच्छादन यांनी बराच फरक पडतो. नळाचं पाणी जड, क्षारयुक्त असतं. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत राहतात, पानांच्या कडा करपतात, आणि माणूस खत कमी पडलं समजून आणखी खत घालतो.

विकत घेताना बघायचं काय, याचंही उत्तर त्याच जुन्या वयात आहे. फांदीबरोबर आईची दुखणी येतात. भांगेवरचा एक माइट, म्हणजे कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव, इतका बारीक, सुमारे ०.२ मिलिमीटर, की भिंगाशिवाय दिसत नाही. कडा वर वळलेल्या, जराशा निस्तेज पानांवरून संशय घ्यायचा. लालकोळ्याला तर उष्ण, कोरडी हवा मानवतेच. त्याहून लबाड आहे हॉप लेटंट व्हायरॉइड. हा विषाणूही नाही, अवघ्या २५६ अक्षरांची, आरएनए या जनुकीय संदेश वाहणाऱ्या रेणूची उघडी कडी, जिला स्वतःचं एकही प्रथिन नाही. गांजातला त्याचा वावर २०१९ मध्ये ओळखला गेला. आई-झाड ठणठणीत दिसतं, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, आणि महिन्यांनी घरी आणलेल्या क्लोनची फुलं खुरटी, राळेविना निघतात. डोळ्यांना हे कळत नाही, प्रयोगशाळेतल्या चाचणीला कळतं. त्यामुळे आई-झाडाची व्हायरॉइड चाचणी झाली आहे का, हा प्रश्न मी जातीच्या नावाआधी विचारला असता. नावं काय, कोणीही कोणतीही चिकटवतं.

इतकं करून जे झाड तगतं, ते ऑगस्टमध्ये पुरुषभर उंच असतं, आणि नेमकं तेव्हाच ॲरिझोनाचा मान्सून रंगात आलेला असतो. अधिकृत मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर. मार्चमध्ये ज्या दमट हवेसाठी प्लॅस्टिकचं झाकण लावलं होतं, ती आता फुकट मिळते आणि नकोशी होते. पाणी उडवून गारवा देणारे कूलर निम्मं काम करतात, दाट फुलांच्या पोटात बुरशी धरते. एखाद्या संध्याकाळी क्षितिजावर धुळीची तपकिरी भिंत उभी राहते आणि अर्ध्या तासात शहरावरून सरकून जाते. सकाळी झाडाजवळ जाऊन पाहिलं तर फुलांवरच्या राळेच्या प्रत्येक टोकाला वाळवंटाचा एकेक कण चिकटलेला असतो, आणि राळ पाण्यात विरघळत नसल्याने तो नुसता धुऊन निघत नाही.