भूवेधी रडार : ठाणे व नवी मुंबईतील भूमिगत वाहिन्यांचा शोध

जमिनीत रेडिओ लहरींचे अल्पकालिक स्पंद सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून पृष्ठभागाखाली काय आहे याचा अंदाज घेण्याचे तंत्र. बांधकामाच्या जगात ते ‘जीपीआर’ (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार) या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. शहरात त्याचा मुख्य उपयोग खोदाईपूर्वी होतो. मेट्रोचा खांब, इमारतीचा पाया, नवी जलवाहिनी किंवा काँक्रीटचा रस्ता यांसाठी जेसीबी लावण्याआधी तिथून पाण्याची, गॅसची, विजेची किंवा सांडपाण्याची कोणती लाइन गेली आहे ते पाहणे.

ठाणे आणि नवी मुंबई यांचा आडवा छेद काढला तर दोन्हीकडे एकच क्रम दिसतो : डोंगर, पायथ्याचा मुरूम, मग भराव आणि शेवटी खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी दलदल. ठाण्याच्या मागे येऊरचे डोंगर आहेत, नवी मुंबईच्या मागे पारसिकची रांग आणि दोहोंच्या पुढ्यात ठाण्याची खाडी. रडारचे यश या छेदावर आपण कुठे उभे आहोत यावर यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त अवलंबून असते. म्हणून या दोन शहरांपुरते तरी हे तंत्र समजून घ्यायचे तर आधी माती समजून घ्यावी लागते.

पूर्वेतिहास

रेडिओ लहरींनी दूरची वस्तू हेरण्याचे पेटंट ख्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ मध्ये घेतले. जमिनीखालच्या शोधासाठी त्याच लहरी वापरण्याची कल्पना १९१० मध्ये गोटहेल्फ लाइम्बाख आणि हाइनरिख ल्योवी यांच्या पेटंटमध्ये आली. १९२९ मध्ये ऑस्ट्रियातील एका हिमनदीची जाडी या पद्धतीने मोजली गेली. १९७२ च्या अपोलो १७ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागाखालचे थर पाहण्यासाठी रडार नेले होते. बर्फ आणि चंद्रावरची कोरडी जमीन लहरींना वाट देतात. शहरातली ओली, मीठ मुरलेली, राडारोड्याने भरलेली जमीन देत नाही. त्यामुळे चंद्राखाली शेकडो मीटर पाहणारे तत्त्व वाशीच्या एखाद्या सेक्टरमध्ये गुडघाभर खोलीवर अडते.

कार्यपद्धती

यंत्र दिसते लहान मुलांच्या बाबागाडीसारखे : खाली अँटेनाची पेटी, वर पडदा, चाकाला अंतर मोजणारा एन्कोडर. अँटेना जमिनीत स्पंद सोडते. मातीच्या विद्युत गुणधर्मांत जिथे अचानक बदल होतो तिथून लहरीचा काही भाग परततो. धातूच्या पाइपावरून जवळजवळ सगळी ऊर्जा परत येते. प्लॅस्टिकच्या पाइपात पाणी भरलेले असेल तर पाण्यामुळे तो दिसतो. रिकामा असेल आणि भोवतीची मातीही कोरडी असेल तर सहज निसटतो.

यंत्र प्रत्यक्षात वेळ मोजते, खोली नव्हे. स्पंद जाऊन परत यायला किती नॅनोसेकंद लागले एवढेच त्याला कळते. हवेत लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंमी जाते. मातीत ती मंदावते, आणि किती मंदावते हे मातीच्या परावैद्युत स्थिरांकावरून ठरते : ३० सेंमीला या स्थिरांकाच्या वर्गमूळाने भागले की मातीतला वेग मिळतो. कोरड्या वाळूचा हा स्थिरांक ३ ते ५ असतो, पाण्याचा सुमारे ८०. म्हणजे मातीत पाणी जितके जास्त, तितकी लहर संथ. स्थिरांक ९ असेल तर वेग १० सेंमी प्रति नॅनोसेकंद आणि २० नॅनोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी १ मीटर खोलीचा, कारण निम्मा वेळ जाण्याचा आणि निम्मा येण्याचा. तीच माती भिजून स्थिरांक २५ वर गेला तर वेग ६ सेंमी होतो आणि त्याच २० नॅनोसेकंदांचा अर्थ ६० सेंमी. उन्हाळ्यात लावून ठेवलेला वेग पावसाळ्यानंतर तसाच ठेवला, तर ६० सेंमीवरची केबल पडद्यावर १ मीटरवर दिसेल. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते. म्हणून खोली माहीत असलेल्या एखाद्या वाहिनीवर किंवा उघड्या चेंबरजवळ वेग जुळवून घेणे हा सर्वेक्षणाचा पहिला टप्पा असायला हवा. घाईत सर्वांत आधी वगळला जातो तोही हाच.

वाहिनीला काटकोनात ओलांडत यंत्र नेले की पडद्यावर उलट्या वाटीसारखा वक्र उमटतो. त्याला अपास्त म्हणतात. पाइप नेमका अँटेनाखाली येण्याआधीपासूनच तिरक्या वाटेने दिसू लागतो, जवळ येताना अंतर घटते, पुढे गेल्यावर पुन्हा वाढते, त्यातून हा आकार तयार होतो. त्याचा माथा म्हणजे पाइपाची जागा. पाइपाला समांतर चालले तर वक्राऐवजी आडवी रेघ येते आणि ती मातीच्या थराची समजून सोडून दिली जाऊ शकते. म्हणून एकमेकांना छेदणाऱ्या दोन्ही दिशांनी, साधारण अर्धा ते एक मीटर अंतराने, जाळे आखून चालतात.

वाहिन्यांसाठी बहुधा २०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या अँटेना वापरतात. वारंवारता कमी केली की लहर खोल जाते, पण बारीक वस्तू निसटतात. वाढवली की तपशील मिळतो पण खोली जाते. क्षेत्रावरचा ढोबळ नियम असा की खोलीच्या दहाव्या भागाइतका तरी व्यास असेल तर वस्तू दिसण्याची आशा धरावी : १ मीटरवर १० सेंमी. घरगुती नळजोडणीचा पाऊण इंची पाइप या हिशेबात लवकरच बाहेर पडतो.

माती

दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा झिजून झालेला मुरूम रडारला त्यामानाने मानवतो. घोडबंदर रस्त्याची डोंगराकडची बाजू किंवा नवी मुंबईतील पारसिकच्या पायथ्याचा भाग इथे कोरड्या दिवसांत दीड-दोन मीटरपर्यंतचे चित्र मिळणे शक्य असते. अडचण असते ती दगडांची. मुरुमातले मोठे गोटे आणि भरावातले काँक्रीटचे तुकडेही पाइपासारखेच वक्र उमटवतात. एका रेषेवर दिसलेला वक्र म्हणून पुरेसा नसतो. शेजारच्या तीन-चार रेषांवर तो सरळीत सापडला तरच ती वाहिनी.

खाडीकडे उतरताना चित्र पालटते. नवी मुंबईचे अनेक विभाग खाजणावर भराव घालून उभे राहिले आहेत. भरतीचे पाणी व पावसाचे पाणी साठवणारे होल्डिंग पाँड हे सिडकोच्या नियोजनाचे वैशिष्ट्यही त्याच सखल जमिनीतून आलेले. इथली काळी सागरी चिकणमाती खाऱ्या पाण्याने भरलेली असते. ती विजेची चांगली वाहक असल्याने लहरीची ऊर्जा तिच्यात उष्णतेच्या रूपाने विरते. अशा थरात अर्धा मीटरही मिळत नाही असे घडते. वरचा भराव मुरुमाचा असेल तर तेवढ्यापुरते दिसते आणि खालच्या गाळाशी चित्र काळेभोर होते. कोपरीची खाडीकडची बाजू किंवा घोडबंदर रस्त्याचा उल्हास नदीच्या मुखाकडचा भाग इथे ठाण्यातही हेच. ‘काही आढळले नाही’ असा शेरा येथे फार जपून वाचावा लागतो : वाहिनी नव्हती की लहरच पोचली नाही, हे अहवालात वेगळे लिहिलेले असले पाहिजे. प्रत्येक रेषेवर लहर किती खोल पोचली ते न सांगणारा अहवाल खाजणावर निरुपयोगी समजावा.

जमिनीखाली काय आहे

ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची. नौपाडा, टेंभी नाका यांसारख्या जुन्या वस्तीत बिडाच्या जुन्या जलवाहिन्या, त्यावर नंतरच्या वाहिन्या आणि सर्वांवर वेळोवेळी चढत गेलेला रस्ता अशी रचना असते. रस्ता वर येत गेला की मूळ आराखड्यातली खोली खोटी ठरते. शहराला पाणी येते तेही अनेक हातांनी : महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. मुंबईला जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्याही याच शहरातून जातात. वीज बहुतांश महावितरणची, कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून टोरेंटची. नळाचा गॅस महानगर गॅसचा. त्यात दूरसंचार कंपन्यांच्या फायबर केबल. प्रत्येकाचे नकाशे वेगळे, संदर्भबिंदू वेगळे.

नवी मुंबई आखून वसवलेली. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासूनची. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होऊन शहरात येते. नोडच्या, म्हणजे आखीव उपनगरांच्या, मूळ आराखड्यांत वाहिन्यांचे मार्ग असतात, त्यामुळे कागदावर हे शहर ठाण्यापेक्षा सोपे. पण घणसोली, कोपरखैरणे यांसारख्या मूळ गावठाणांतल्या जोडण्या त्या आराखड्यांत मावत नाहीत, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांनी आपापल्या आवारात टाकलेल्या लाइनी मालक बदलला की विस्मरणात जातात.

सर्वेक्षण

चांगले सर्वेक्षण रडारने सुरू होत नाही. आधी संबंधित संस्थांचे नकाशे जमवतात. मग जमिनीवरच्या खुणा टिपतात : मेनहोल, व्हॉल्व्ह चेंबर, फीडर पिलर, गॅसवाहिनीचे खांब, पेव्हर ब्लॉकमधली बुजवलेल्या चराची पट्टी. पाणी खात्यातला चावीवाला आणि वीज कंपनीचा लाइनमन यांच्याशी बोलणे हा अधिकृत पद्धतींत क्वचित लिहिलेला, पण या भागात सर्वांत फळणारा टप्पा आहे. कोणत्या वळणावर लाइन सरळ न जाता झाडाला वळसा घालून गेली, हे त्यांनाच माहीत असते.

यानंतर विद्युतचुंबकीय लोकेटर फिरवतात. भार असलेल्या वीजवाहिनीची ५० हर्ट्झची खूण तो पकडतो. धातूच्या पाइपाला किंवा केबलला ट्रान्समीटरने ठरावीक वारंवारतेचा संकेत देऊनही माग काढता येतो. खाजणात रडार हात टेकते तिथे बऱ्याचदा हाच उपयोगी पडतो. त्याची मर्यादा म्हणजे प्लॅस्टिक. पीई गॅसवाहिनी किंवा एचडीपीई जलवाहिनी त्याला दिसत नाही, सोबत माग काढण्याची तार टाकलेली असेल तरच सापडते. मुरुमात हे काम रडार करते, म्हणून दोन्ही यंत्रे जोडीनेच वापरायची असतात.

सापडलेल्या जागा रंगाने रस्त्यावर आखून टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे यंत्र) किंवा डीजीपीएसने (उपग्रहांवरून अचूक स्थान सांगणारे यंत्र) मोजतात आणि संगणकीय नकाशावर चढवतात. रडार वस्तूचे नाव सांगत नाही. धातू आहे की पोकळी, एवढे प्रतिध्वनीच्या ध्रुवतेवरून, म्हणजे लहर सुलटी परतली की उलटी यावरून, तज्ज्ञ ओळखू शकतो. पाणी की सांडपाणी, चालू की बंद, हे चेंबरशी जोड लावूनच ठरते. खोलीतही दहा टक्क्यांच्या आसपास फरक गृहीत धरतात. शेवटचा पुरावा चाचणी खड्ड्याचा, म्हणजे हाताने, जपून खणलेल्या ट्रायल पिटचा. अमेरिकेतील एएससीई ३८ या मानकात माहितीच्या दर्जानुसार चार प्रती, म्हणजे पायऱ्या, आहेत : ड म्हणजे नुसत्या नोंदी, क म्हणजे पृष्ठभागावरच्या खुणा, ब म्हणजे रडार-लोकेटरसारखा भूभौतिकी शोध आणि अ म्हणजे प्रत्यक्ष उघडून पाहिलेली वाहिनी. ब्रिटनमध्ये २०१४ पासून पास १२८ हे मानक आहे. भारतीय निविदांत ‘जीपीआर सर्वेक्षण’ एवढीच ओळ असते आणि कोणत्या प्रतीची माहिती हवी ते लिहिलेले नसते, तेव्हा वाद तिथूनच सुरू होतात.

अडचणी

सळयांची जाळी असलेल्या काँक्रीटखाली रडार अडखळते. सळयांचे प्रतिध्वनी खालचे सगळे झाकतात. म्हणून रस्ता काँक्रीटचा होण्याआधी सर्वेक्षण करून घेणे शहाणपणाचे. रस्ता न फोडता आडवे छिद्र पाडून टाकलेल्या केबल हा दुसरा प्रश्न. उघड्या चरात टाकलेली वाहिनी निसटली तरी चराच्या भरावाची खूण दिसते. ड्रिलिंगने गेलेल्या नळीला चरच नसतो. ती खोल असते, बारीक असते आणि अडथळा चुकवत वाकडी जाते.

काही गोष्टी तर रडारच्या कक्षेतच येत नाहीत. २०२२ च्या अखेरीस ठाण्यातील किसननगर भागात एका खासगी बांधकामासाठी बोअरवेल खोदताना मुंबई महापालिकेच्या ५,५०० मिमी व्यासाच्या जलबोगद्याला हानी पोचली. हा बोगदा भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलाकडे पाणी नेतो. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात लागू झाली. खडकात खोलवर असलेला बोगदा कोणत्याही हातगाडी रडारला दिसला नसता. तिथे उपयोग झाला असता तो नकाशाचा आणि खोदण्यापूर्वीच्या विचारणेचा.

अशी विचारणा सोपी व्हावी म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि त्या परिसरात वाहिन्या असलेल्या संस्थांना सूचना जायची, अशी त्याची रचना. विस्कळीत खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. सर्वेक्षणाचा खर्च वसूल होतो का, याविषयी पर्ड्यू विद्यापीठाने अमेरिकेतील ७१ महामार्ग प्रकल्पांवर केलेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो : १ डॉलर खर्चामागे ४.६२ डॉलरची बचत. निविदेच्या सादरीकरणात हा आकडा हमखास असतो. पण तो तिथल्या नोंदींवर, तिथल्या दाव्यांच्या खर्चावर आधारलेला आहे. घोडबंदर रस्त्यावर तो जसाच्या तसा लावता येत नाही.

काम बहुधा ऑक्टोबर ते मे या काळात करतात, कारण पावसाळ्यात माती भिजलेली असते आणि महापालिकाही एरवीसारखी खोदाईची परवानगी देत नाहीत. नकाशावर सर्वेक्षणाची तारीख असणे आवश्यक असते. पाया किंवा खांबाचे काम वर्षभराने सुरू होणार असेल, तर तेवढ्या जागेपुरते यंत्र पुन्हा फिरवून चाचणी खड्डे नव्याने घेतात. मधल्या काळात त्याच पदपथाखालून आणखी एखादी फायबर केबल गेलेली असू शकते.