रजेवरचा इंजिनिअर : विलो वेल्झेनबाख

ट्रेकच्या जाहिरातीत ‘श्रेणी : मध्यम’ असं छापलेलं असतं. ते कुणाच्या हिशेबाने मध्यम, हे चढायला लागल्यावर कळतं. शंभरेक वर्षांपूर्वी आल्प्समध्येही हाच घोळ होता. तो निस्तरायला बसला म्युनिकचा एक तरुण स्थापत्य अभियंता, विल्हेल्म ऊर्फ विलो वेल्झेनबाख (जन्म १८९९). १९२०च्या दशकाच्या मध्यावर त्याने कातळचढाईच्या सहा श्रेणी ठरवल्या : पहिली सोपी, सहावी म्हणजे माणसाच्या आवाक्याची हद्द. गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९६८ मध्ये स्वीकारलेल्या मोजपट्टीचं मूळ हेच. सहावीच्या वर सातवी असू शकते, हे मान्य व्हायला मात्र १९७०चं दशक सरत आलं.

पोटापाण्यासाठी वेल्झेनबाख म्युनिक महापालिकेच्या बांधकाम खात्यात होता. डोंगर म्हणजे सुट्टीतला उद्योग. पण त्याच्यातला इंजिनिअर सुट्टीतही गप्प बसत नसे. डॉक्टरेटसाठी त्याने विषय घेतला बर्फाचाच : साचलेल्या बर्फाचे थर कसे बसतात, हिमस्खलन कसं सुटतं आणि ते अडवायला बांधकाम कसं करावं.

१९२४ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ग्रोसेस वीसबाखहॉर्न शिखराच्या वायव्य भिंतीवर गेला. जोडीला फ्रिट्स रीगेले. वाटेत बर्फाचा मोठा फुगवटा पुढे आलेला. कातळात खिळे ठोकणं तोवर रुळलं होतं, बर्फात ते कुणी फारसं करत नसे. रीगेलेने बर्फासाठी वेगळे खिळे आणले होते. ते ठोकत, दोर अडकवत दोघं वर गेले. आज हिमालयात बर्फाच्या भिंतीवर जो तो स्क्रू फिरवतो, त्याची ही आजी-पणजी.

पुढे हाताच्या आजारपणाने त्याचा उजवा हात जवळजवळ ताठ झाला. तरीही त्याचं खरं नाव झालं ते त्यानंतरच, स्वित्झर्लंडमधल्या थंड, घसरड्या उत्तर भिंतींवर. एकट्या १९३२च्या उन्हाळ्यात बर्नीज ओबरलांडमधल्या अशा चार भिंती त्याने सर केल्या.

त्याच वर्षी तो खरं तर नंगा पर्बतवर असायला हवा होता. (हे ८,१२६ मीटरचं शिखर तेव्हाच्या काश्मीर संस्थानातलं, आज तो भाग पाकिस्तानच्या ताब्यात आहे.) मोहिमेची कल्पना आणि तयारी त्याचीच, पण महापालिकेने रजा दिली नाही. नेतृत्व गेलं विली मेर्कल या रेल्वेतल्या इंजिनिअरकडे.

१९३४ साली रजा मिळाली. नेता मेर्कलच राहिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुकडी साडेसात हजार मीटरच्या आसपास पोहोचली आणि वादळाने गाठलं. उतरताना तुकडीतला उली वीलांड दगावला. सातव्या तळावरून १० जुलैला वेल्झेनबाखने खालच्या तळांवरच्या साहेबांना, म्हणजे जर्मन सोबत्यांना, चिठ्ठी लिहिली : आपण आजारी आहोत, ‘बडा साहिब’ मेर्कलचे हातपाय हिमदंशाने गेलेत, सहा दिवस गरम अन्न नाही, लवकर मदत पाठवा. १२ जुलैच्या रात्री वेल्झेनबाख तिथेच वारला. मेर्कल काही दिवस आणखी तगला. गेले नावाचा शेर्पा त्याला सोडून खाली उतरला नाही. त्या वर्षी त्या डोंगरावर चार जर्मन आणि सहा शेर्पा दगावले.

१९३८च्या मोहिमेला मेर्कल आणि गेले यांचे मृतदेह सापडले. चिठ्ठी मेर्कलच्या खिशातच होती.